चार बोटांचे अंतर : संगणकाला जोडलेल्या फळ्याचा इतिहास

#थ्रेड

१/
भिंतीवर पांढरा फळा, छताला टांगलेला प्रोजेक्टर, कोपऱ्यातल्या टेबलावर संगणक. शिक्षक फळ्यावर बोटाने रेघ ओढतात. रेघ उमटते, पण बोटाखाली नव्हे. चार बोटे डावीकडे. वर्गात हशा पिकतो. गेल्या तीन दशकांत हा प्रसंग लंडनपासून लातूरपर्यंत असंख्य वर्गांनी पाहिला आहे. बोट आणि रेघ यांच्यातले हे अंतर कुठून आले, ते मिटवण्यासाठी काय काय करावे लागले, आणि ते मिटल्यावरही काय शिल्लक राहिले, त्याचा हा इतिहास.

२/
आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ज्याला ‘स्मार्ट बोर्ड’ म्हटले जाते, तो मूळ रूपात संगणक नव्हताच. त्याला स्मृती नव्हती, स्वतःचे चित्रही नव्हते. चित्र संगणक तयार करी आणि प्रोजेक्टर ते फळ्यावर टाकी. फळ्याचे काम एकच : ‘मला इथे स्पर्श झाला’ एवढा निरोप संगणकाला पाठवणे. म्हणून जोडणीत तारा दोन. एक संगणकाकडून प्रोजेक्टरकडे चित्र नेणारी, दुसरी फळ्याकडून संगणकाकडे स्पर्श आणणारी. साऱ्या करामती आणि सारे घोळ या दोन तारांच्या दरम्यानचे आहेत.

३/
बोटाने लिहिण्याची कल्पना मात्र फार जुनी. भारतात पाटीवर बारीक धूळ पसरून तिच्यात बोटाने किंवा काडीने अक्षरे गिरवली जात. ‘धुळाक्षरे’ हा मराठी शब्द त्याचीच खूण. अंकगणिताला संस्कृतात ‘पाटीगणित’ म्हणत आणि आकडेमोडीला ‘धूलिकर्म’. धुळीवरचा आकडा पुसून त्याच जागी नवा लिहिता येई. लिहिणे, पुसणे आणि पुन्हा लिहिणे हा फळ्याचा मूळ गुण त्या धूळपाटीतच होता. तिथे बोट आणि रेघ यांत अंतर पडण्याचा प्रश्नच नव्हता.

४/
ही धूळपाटी विलायतेलाही गेली. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ पासून मद्रासमधील एग्मोर येथील अनाथालयाचा कारभार पाहत होता. तिथली स्थानिक मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना त्याने पाहिली आणि तीच रीत आपल्या शाळेत आणली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे, ही त्याच्या पद्धतीची दुसरी बाजू. १७९७ मध्ये त्याने लंडनमध्ये या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ‘मद्रास पद्धत’ या नावाने ती इंग्लंडमधील शाळांत पसरली आणि तिच्याबरोबर वाळूचे तबकही.

५/
भिंतीवरचा काळा फळा यानंतर रुळला. अमेरिकेत वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत १८०१ च्या सुमारास गणित शिकवणाऱ्या जॉर्ज बॅरन यांचे, तर एडिंबरोत भूगोल शिकवताना रंगीत खडू वापरणाऱ्या जेम्स पिलन्स यांचे नाव या संदर्भात घेतले जाते. फळ्याने मोठा बदल घडवला : पाटी एका मुलाची होती, फळा साऱ्या वर्गाचा झाला. सगळ्यांच्या नजरा एकाच पृष्ठभागावर खिळल्या. पुढे संगणक वर्गात आला, तेव्हा त्याला नेमका हाच गुण मिळवायचा होता.

६/
इथे इतिहास एका वर्षापाशी थबकतो : १९८७. त्या वर्षी आयबीएमने आपल्या नव्या संगणकांबरोबर व्हीजीए ही चित्रप्रणाली आणली. तिची पंधरा टाचण्यांची जोडणी पुढे वर्गावर्गांतल्या प्रोजेक्टरपर्यंत पोहोचली. त्याच वर्षी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी सूक्ष्म आरशांची ती चिप घडवली, जिच्यावर पुढचे असंख्य प्रोजेक्टर चालले. आणि त्याच वर्षी कॅनडातील कॅल्गरीत डेव्हिड मार्टिन व नॅन्सी नोल्टन यांनी स्मार्ट टेक्नॉलॉजीज ही कंपनी सुरू केली.

७/
१९८७ मध्येच भारतात ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’ सुरू झाले. महाराष्ट्रात ते ‘खडू-फळा मोहीम’ म्हणून ओळखले गेले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा हा भाग. प्रत्येक प्राथमिक शाळेला कोणत्याही ऋतूत वापरता येतील अशा किमान दोन खोल्या, किमान दोन शिक्षक आणि फळ्यासह आवश्यक शैक्षणिक साहित्य मिळावे, हे तिचे उद्दिष्ट. या धोरणाला आधारभूत असलेल्या सरकारी पाहणीनुसार देशातील सुमारे ४० टक्के प्राथमिक शाळांत फळाच नव्हता. जगाच्या एका टोकाला फळा संगणकाला जोडण्याची तयारी चालली होती, दुसऱ्या टोकाला तो भिंतीला जोडण्याची.

८/
संगणकीय फळ्याचा पहिला गंभीर विचार शाळेसाठी नव्हे, तर कचेरीतल्या बैठकांसाठी झाला. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीची ‘पार्क’ ही संशोधन संस्था १९७० पासून कार्यरत होती. तिथल्या ‘कोलॅब’ प्रकल्पात एका बैठकीच्या खोलीत संगणक जाळ्याने जोडलेले होते आणि समोर स्पर्शाला प्रतिसाद देणारा मोठा पडदा होता. संशोधकांची तक्रार साधी होती : खडूच्या फळ्यावरचा मजकूर जपून ठेवता येत नाही, इकडचा तिकडे हलवता येत नाही आणि जागा संपली की पुसावाच लागतो.

९/
याच संस्थेतील मार्क वायझर यांनी सप्टेंबर १९९१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात भविष्यातील संगणकांची तीन मापे कल्पिली : तळहातात मावणारी, कागदाएवढी आणि फळ्याएवढी. पार्कचा ‘लाइव्हबोर्ड’ हा त्यांतला तिसरा प्रकार. त्यात संगणक, पडदा आणि बिनतारी लेखणी हे सारे एकाच मोठ्या पेटाऱ्यात होते. चित्र मागून पडे, त्यामुळे लिहिणाऱ्याची सावली पडत नसे. उपकरण देखणे, पण अवजड आणि महाग. शाळांना परवडेल असे ते नव्हते.

१०/
कॅल्गरीच्या दांपत्याने उलटा मार्ग धरला. त्यांची कंपनी सुरुवातीला एका अमेरिकन कंपनीचे प्रोजेक्टर कॅनडात विकत असे. त्या उत्पन्नावर संशोधन चाले. त्यांनी ठरवले की फळ्यात संगणक बसवायचाच नाही. संगणक ज्याचा त्याचा, प्रोजेक्टर ज्याचा त्याचा. आपण फक्त स्पर्श ओळखणारा पृष्ठभाग द्यायचा. १९९१ मध्ये त्यांचा ‘स्मार्ट बोर्ड’ बाजारात आला आणि १९९२ मध्ये इंटेलने कंपनीत गुंतवणूक केली. या निर्णयाने फळा तुलनेने स्वस्त झाला. पण तिन्ही उपकरणे जुळवण्याची जबाबदारी मात्र वापरणाऱ्याच्या गळ्यात पडली. चार बोटांचे अंतर जन्माला आले ते इथेच.

११/
त्या काळची जोडणी पाहण्यासारखी असे. आजच्यासारखे प्रोजेक्टर सर्रास नव्हते. पारदर्शक कागद ठेवण्याच्या ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या काचेवर एलसीडीची सपाट चौकट ठेवली जाई. संगणकाचे चित्र त्या चौकटीत उमटे, खालचा दिवा तिच्यातून प्रकाश टाकी आणि वरचा आरसा ते चित्र फळ्यावर फेकी. बराचसा उजेड चौकटीतच अडे, म्हणून खोली अंधारी करावी लागे. आणि कुणाचा धक्का लागून चौकट जराशी सरकली, की आधीची सारी जुळवाजुळव वाया जाई.

१२/
फळ्याला स्पर्श कळे तो कसा? आत दोन वीजवाहक पडदे, मध्ये अगदी थोडी पोकळी. बोटाने दाबताच पुढचा पडदा मागच्याला टेकतो. एका पडद्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत विजेचा दाब टप्प्याटप्प्याने उतरत जातो. टेकलेल्या जागी तो किती आहे, हे दुसरा पडदा वाचतो. त्यावरून आडवे अंतर कळते. मग पडद्यांच्या भूमिका बदलून उभे अंतर. गंमत अशी, की बोटाबरोबर तळहातही टेकला, तर फळा दोन स्पर्शांची सरासरी धरी आणि रेघ भलतीकडेच जाई. त्यामुळे पाटीवर हात टेकून लिहिण्याची सवय सोडावी लागे.

१३/
फळ्याखालच्या कप्प्यात रंगीत लेखण्या असत आणि त्यांत शाई नसे, विजेचे काहीही नसे. हुशारी होती ती कप्प्यात : कोणती लेखणी आपल्या जागी नाही, हे तिथले संवेदक ओळखत. लाल लेखणी उचलली की फळ्याला होणारा प्रत्येक स्पर्श लाल. लेखणी हातात घेऊन बोटाने लिहिले तरी लालच! ब्रिटनमधील ब्लॅकबर्न येथील प्रोमिथियन कंपनीने वेगळी वाट निवडली. तिच्या फळ्याआड तारांची जाळी असे आणि लेखणीत वेटोळे. दोहोंतील विद्युतचुंबकीय संवादातून जागा ठरे. तिथे हात टेकलेला चाले, पण लेखणी हरवली की फळा मुका.

१४/
आता स्पर्श आणणारी दुसरी तार. नव्वदच्या दशकात ती संगणकाच्या नऊ टाचण्यांच्या सिरियल पोर्टमध्ये जाई. तिथे आधीच माउस किंवा मोडेम बसलेला असे. पोर्ट कोणते, माहितीचा वेग किती, हे दोन्ही बाजूंना सारखेच सांगावे लागे. शिवाय चालक प्रणाली, म्हणजे ड्रायव्हर, स्वतंत्रपणे बसवावी लागे. १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले मानक आले आणि पुढच्या काही वर्षांत ही कटकट बरीच कमी झाली. तार खोचली की संगणक फळ्याला ओळखू लागला. ओळखले तरी प्रश्न उरलाच : फळ्यावरचा कोणता बिंदू म्हणजे चित्रातला कोणता बिंदू?

१५/
कारण इथे दोन चौकोन आहेत. एक फळ्याचा, भिंतीवर पक्का बसवलेला. दुसरा प्रकाशाचा, प्रोजेक्टरने टाकलेला. प्रोजेक्टर जरा तिरका असला, तरी प्रकाशाचा चौकोन वरून रुंद, खालून अरुंद होतो. फळा सांगतो ते आपल्या चौकोनातले स्थान. संगणकाला हवे असते चित्राच्या चौकोनातले. दोघांचा दुवा जुळवण्याच्या कृतीला ‘कॅलिब्रेशन’ किंवा ‘ओरिएंटेशन’ म्हणतात. पडद्यावर एकामागून एक फुल्या उमटतात, शिक्षक प्रत्येक फुलीच्या मध्यावर बोट टेकवतात आणि संगणक नोंद ठेवतो.

१६/
भूमितीच्या दृष्टीने यासाठी चारच बिंदू पुरतात, अट एवढीच की त्यांतले कोणतेही तीन एका रेषेत नसावेत. एका सपाट चौकोनाचे दुसऱ्या तिरप्या चौकोनाशी असलेले नाते चार जोड्यांतून पूर्णपणे ठरते. चित्रकार ज्याला यथार्थदर्शन म्हणतात, त्याचेच हे गणित. प्रत्यक्षात नऊ किंवा त्याहून अधिक फुल्या दाखवल्या जात, कारण बोट थोडे चुकते आणि भिंगही थोडे वाकडे चित्र देते. जास्त बिंदूंमुळे त्या चुका वाटल्या जातात. मात्र प्रोजेक्टर हलला की सारे पुन्हा पहिल्यापासून. फिरत्या टेबलावरचा प्रोजेक्टर छतावर गेला, त्याचे हे एक मोठे कारण.

१७/
हे उपकरण शाळांत सर्वाधिक जोमाने नेले ब्रिटनने. २००३-०४ मध्ये लंडनच्या प्रत्येक माध्यमिक शाळेतील किमान एका मुख्य विषयाचा विभाग अशा फळ्यांनी सज्ज करण्याची सरकारी योजना निघाली. प्राथमिक शाळांतही निधी आला आणि दशक संपण्यापूर्वी तिथे असा फळा नसलेली शाळा शोधावी लागेल, अशी स्थिती झाली. याच सुमारास मेक्सिकोने ‘एन्सिक्लोमेडिया’ योजनेखाली पाचवी-सहावीच्या वर्गांत संगणक, प्रोजेक्टर आणि संवादी फळा देऊन सरकारी पाठ्यपुस्तके पडद्यावर आणली.

१८/
मग हिशेब मांडण्याची वेळ आली. न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडमधील प्राथमिक शाळांतला प्रयोग तपासला. पहिल्या वर्षी गुणांत थोडी वाढ दिसली. दुसऱ्या वर्षी ती टिकली नाही. लंडनच्या योजनेचा अहवाल तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनने २००७ मध्ये दिला. विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील कामगिरीवर संख्याशास्त्रीयदृष्ट्या दखलपात्र असा परिणाम पहिल्या वर्षात आढळला नाही, असे त्यात स्पष्ट नोंदले होते. फळे भिंतीवर व्यवस्थित होते, तारा जागच्या जागी होत्या. तरीही शिकण्यात अपेक्षित फरक पडला नव्हता.

१९/
असे का, याची उत्तरे वर्गातल्या निरीक्षणांत होती. एकेक मूल उठून फळ्याला हात लावून येई, तोवर बाकीचे वाट पाहत बसत. ‘संवाद’ म्हणजे बोट लावणे, असा समज झाल्याने धड्याचा वेग मंदावे. अनेक शिक्षक आधी करून ठेवलेल्या चित्रफिती पुढे सरकवत; तेव्हा फळा महागडा पडदा ठरे. जे शिक्षक मुलांचे चुकलेले उत्तर फळ्यावर ठेवून ‘हे का चुकले?’ असे विचारत, ते कालच्या धड्याचे पान आज पुन्हा उघडत आणि तिथूनच पुढे जात. दोन्ही वर्गांतले यंत्र तेच होते.

२०/
डिसेंबर २००७ मध्ये या कथेला एक विलक्षण वळण मिळाले. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी जॉनी चुंग ली याच्या लक्षात आले की निन्टेन्डोच्या ‘वी’ या खेळाच्या सुमारे ४० डॉलरच्या रिमोटमध्ये अवरक्त प्रकाश पाहणारा कॅमेरा आहे. त्याने पेनाच्या टोकाला अवरक्त दिवा बसवला, रिमोट भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि ब्लूटूथने संगणकाला जोडला. फुल्या फक्त चार. झाले! कोणतीही भिंत संवादी फळा बनली. त्याने ही आज्ञावली विनामूल्य खुली केली आणि जगभरच्या लोकांनी ती उतरवून घेतली.

२१/
हजारो डॉलरच्या उपकरणाचा गाभा म्हणजे चार बिंदूंचे गणित, हे या प्रयोगाने उघड्यावर आणले. त्याची चित्रफीत पाहणाऱ्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना प्रथमच फळ्याच्या आत डोकावता आले : स्पर्श कोण ओळखतो, निरोप कसा जातो, फुल्या कशासाठी असतात. ज्याला हे कळले, त्याच्यासाठी सरकलेली रेघ म्हणजे ‘फळा बिघडला’ असे राहिले नाही. प्रोजेक्टर हलला आहे, एवढाच तिचा अर्थ उरला.

२२/
महाराष्ट्रात हा फळा दोन वाटांनी आला. शहरांतील खासगी शाळांत तो विक्रेत्यांच्या कंत्राटांतून आला. जिल्हा परिषदेच्या शाळांत बऱ्याच ठिकाणी लोकवर्गणीतून. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाडा येथील शाळेचे नाव डिजिटल शाळांच्या संदर्भात राज्यभर गाजले. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर गावोगाव अशा शाळांची लाट आली. तिथे जोडणीला तिसरी तार होती, विजेची. भारनियमनाच्या दिवसांत फळ्याचे वेळापत्रक वीज ठरवी, म्हणून खडूचा फळा शेजारीच टांगलेला राही.

२३/
फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने नववीपासून पुढच्या वर्गांसाठी आणि महाविद्यालयांसाठी ‘ऑपरेशन डिजिटल बोर्ड’ जाहीर केले. नावातच १९८७ च्या मोहिमेची आठवण होती. तोवर फळाही बदलला होता. प्रोजेक्टर जाऊन मोठ्या दूरचित्रवाणी संचासारखे सपाट पॅनेल आले. चित्र आणि स्पर्श एकाच काचेत असल्याने फुल्या गेल्या, सावली गेली, चार बोटांचे अंतर मिटले. तरी बाहेरचा संगणक जोडायचा तर तारा आजही दोनच : एचडीएमआय चित्रासाठी, यूएसबी स्पर्शासाठी. दुसरी विसरली, की चित्र दिसते आणि फळा मात्र बोटाला दाद देत नाही.

२४/
खडू-फळा मोहिमेच्या तीन अटींत साहित्य होते, खोल्या होत्या आणि दुसरा शिक्षकही होता. एकटा शिक्षक चार इयत्ता सांभाळत असेल, तर फळा काळा असो वा चकाकता, तो एका इयत्तेपुरताच चालतो, हे त्या योजनेच्या कर्त्यांना ठाऊक होते. लंडनच्या अहवालाने वीस वर्षांनी, फार मोठा खर्च झाल्यावर, त्याच दिशेला बोट दाखवले.

२५/
धूळपाटीवर गिरवणाऱ्या मुलाच्या बोटाखाली रेघ आपोआप उमटे, पण अक्षर चुकले की हात धरून ते पुन्हा गिरवून घेणारे कुणीतरी शेजारी बसलेले असे. रेघ बोटाखाली आणण्याचे काम यंत्राने जवळजवळ पुरे केले आहे. हात धरून गिरवून घेणाऱ्याची जागा कोणत्याही शाळेच्या साहित्ययादीत नसते. ती शिक्षकभरतीच्या यादीत असते. नव्या फळ्यांची खरेदी जाहीर होते, तेव्हा ती दुसरी यादीही काढून पाहावी.

(समाप्त)